प्रवाळ मत्स्यालयातील केसाळ शैवाल : ओळख, कारणमीमांसा व नियंत्रण

प्रस्तावना :
खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ, मासे व अपृष्ठवंशीय प्राणी यांचे एकत्र संगोपन करणे हा केवळ हौसेचा विषय नाही. वॉल्टर अ‍ॅडी यांनी अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेत जिवंत प्रवाळ परिसंस्थेची प्रतिकृती उभारून अशा टाकीचे अभ्याससाधन म्हणून असलेले मूल्य दाखवून दिले. या टाकीतील सर्वांत चिवट उपद्रव म्हणजे केसाळ शैवाल होय. खडकावर प्रथम हिरवी लव दिसते आणि पुढे तिचे लांब झुबके होतात. हे झुबके प्रवाळाचा प्रकाश अडवतात, त्याच्या कडांवर चढतात आणि अखेरीस त्याला झाकून टाकतात. भारतात अश्मप्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यामुळे येथे टाकीतील मृत प्रवाळाच्या जागी किनाऱ्यावरून दुसरा आणणे हा गुन्हा ठरतो. म्हणूनच उपद्रव वेळीच ओळखणे महत्त्वाचे ठरते. प्रस्तुत लेखात या शैवालाची ओळख, कारणे व नियंत्रण यांचा विचार केला आहे.

ओळख :
‘केसाळ शैवाल’ हे एका जातीचे नाव नाही. डर्बेसिया, ब्रायॉप्सिस, क्लॅडोफोरा अशा अनेक प्रजातींना ते सरसकट लावले जाते. डर्बेसियाचे तंतू मऊ व बारीक असून चिमटीत सहज तुटतात. क्लॅडोफोराचे तंतू शाखायुक्त व स्पर्शाला राठ असतात. ब्रायॉप्सिसच्या मुख्य अक्षावर दोन्ही बाजूंस लहान शाखा असल्याने तो पिसासारखा दिसतो. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील साध्या संयुक्त सूक्ष्मदर्शकाखाली हा भेद अधिक स्पष्ट होतो. क्लॅडोफोराच्या तंतूत पेशींना विभागणारे आडवे पडदे दिसतात. डर्बेसिया व ब्रायॉप्सिस यांच्या वाढत्या तंतूत मात्र ते नसतात, संपूर्ण तंतू ही एक बहुकेंद्रकी नळीच असते.

या भेदाला व्यावहारिक महत्त्व आहे. ब्रायॉप्सिसचा तंतू चिरडल्यास बाहेर पडलेला पेशीद्रव समुद्राच्या पाण्यात पुन्हा आवरण धारण करून नवा जीव बनू शकतो. म्हणून तो टाकीतच ब्रशने घासणे म्हणजे त्याची पेरणी करणे होय. बोटांनी पुसताच चादरीसारखा निघणारा लालसर थर हा सायनोबॅक्टेरियाचा आणि बुडबुडे अडकलेला तपकिरी, चिकट थर हा बहुधा डायनोफ्लॅजेलेटांचा असतो. त्यांचे उपाय वेगळे आहेत.

कारणमीमांसा :
शैवालाच्या वाढीस प्रकाश, नायट्रेट व फॉस्फेट पुरेसे असतात. फॉस्फेट मुख्यतः माशांच्या अन्नातून व नळाच्या पाण्यातून येते. कॅल्शियम कार्बोनेटचा खडक ते शोषून ठेवतो आणि पाण्यातील प्रमाण घटले की हळूहळू परत सोडतो. त्यामुळे अन्न कमी केल्यावरही शैवाल कित्येक आठवडे वाढत राहते.

येथे एक विरोधाभास आढळतो. शैवालाने भरलेल्या टाकीतील पाण्याच्या चाचणीत नायट्रेट व फॉस्फेट जवळपास शून्य येऊ शकतात. याचा अर्थ पोषकद्रव्ये नाहीत असा नसून, ती पाण्यात येताच शैवाल शोषून घेते असा आहे. म्हणून चाचणीचा आकडा टाकीच्या अवस्थेसह वाचावा लागतो.

दुसरे कारण म्हणजे चरणाऱ्या प्राण्यांचा अभाव. निसर्गातील याचे ठळक उदाहरण जमैकाचे आहे. अतिमासेमारीमुळे तेथील शाकाहारी मासे आधीच घटले होते. १९८० च्या चक्रीवादळाने प्रवाळांची हानी केली आणि १९८३-८४ मध्ये रोगामुळे डायडेमा हे सागरी अर्चिन कॅरिबियन समुद्रात मोठ्या प्रमाणावर मेले. टेरी ह्यूज यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या नोंदींनुसार जमैकातील प्रवाळाच्छादन १९७७ मधील सुमारे ५२ टक्क्यांवरून १९९० च्या दशकारंभी सुमारे ३ टक्क्यांवर आले, तर शैवालाचे आच्छादन ४ वरून ९२ टक्क्यांवर गेले. हीच प्रक्रिया टाकीत काही महिन्यांत घडू शकते.

नियंत्रण :
उपायांचा क्रम पुढीलप्रमाणे असावा.

१) शैवाल हातांनी काढणे : शक्य असल्यास खडक बाहेर काढून खाऱ्या पाण्याच्या बादलीत स्वच्छ करावा. काढलेल्या शैवालाबरोबर त्याने शोषलेली पोषकद्रव्येही बाहेर जातात.

२) आवक रोखणे : मीठ मिसळण्यासाठी व बाष्पीभवनाची भर घालण्यासाठी आर.ओ. व आयनमुक्त पाणी वापरावे. गोठवलेले अन्न वितळल्यावर त्याचे पाणी टाकीत ओतू नये.

३) निर्यात वाढवणे : प्रोटीन स्किमर, नियमित पाणीबदल व फेरिक ऑक्साइडचे दाणे उपयोगी पडतात. स्वतंत्र प्रकाशित कप्प्यात किटोमॉर्फा वाढवून त्याची वेळोवेळी छाटणी करणे हाही उत्तम मार्ग आहे. अ‍ॅडी यांचे शैवाल-गालिचा शुद्धीयंत्र याच तत्त्वावर चालते : शैवाल वाढायचेच असेल, तर ते आपण ठरवलेल्या जागी वाढावे.

४) चरणारे प्राणी : टर्बो गोगलगायी, सागरी अर्चिन व झेब्रासोमा प्रजातीतील टँग मासे कोवळे शैवाल खातात, लांब झुबके ते बहुधा टाळतात. म्हणून हा उपाय सफाईनंतरचा आहे. टँग माशांना पोहण्यास मोठी टाकी लागते.

ब्रायॉप्सिसवर काही मत्स्यपालक फ्लुकोनॅझोल हे बुरशीनाशक औषध वापरतात. मात्र मृत शैवाल कुजून पोषकद्रव्ये पाण्यात परततात; त्यामुळे मूळ कारण दूर न करता औषध वापरल्यास उपद्रव उलटतो.

पोषकद्रव्ये पूर्ण शून्यावर आणण्याचा अट्टहासही घातक आहे. प्रवाळाच्या ऊतीतील सहजीवी शैवालांना नायट्रोजन व फॉस्फरस लागतात. त्यांच्या अभावी प्रवाळ फिकट पडतो आणि मोकळ्या जागेत डायनोफ्लॅजेलेट फोफावतात. सामान्यतः नायट्रेट प्रतिलिटर २ ते १० मिलिग्रॅम व फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम या मर्यादेत स्थिर ठेवणे इष्ट मानले जाते. बदल सावकाश करावा. फॉस्फेट अचानक घसरल्यास प्रवाळाच्या ऊती मरू शकतात.

निष्कर्ष :
केसाळ शैवाल हे रोगापेक्षा लक्षण अधिक आहे. पोषकद्रव्यांची आवक, त्यांची निर्यात आणि शैवालाचे भक्षण या तिन्हींचा मेळ बिघडल्याचे ते दर्शविते. प्रथम ओळख, नंतर सफाई, मग आवक-निर्यातीचा हिशेब आणि शेवटी भक्षकांची योजना हा क्रम पाळल्यास काही आठवड्यांपासून काही महिन्यांत टाकी सावरते. पर्यावरणशास्त्राच्या अध्यापकास या टाकीत परिसंस्थेच्या अवस्थांतराचा धडा वर्गाच्या भिंतीलगतच उपलब्ध होऊ शकतो. जमैकाच्या समुद्रात जे परत फिरवणे दुष्कर ठरले, ते येथे शिस्तबद्ध निगराणीने परतवता येते.