दारफाळणीचा सण आणि क्षमेची अट

शनिशिंगणापुरात घरांना दारे-कुलपे न लावण्याची प्रथा असून चोराला शनिदेव शासन करतो, अशी तेथील श्रद्धा आहे. याउलट कोकणातील बेने इस्राएल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे मराठीभाषक ज्यू ‘शनवार तेली’, योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा उपवासदिन ‘दारफाळणीचा सण’ म्हणून पांढऱ्या वस्त्रांत, दारे लावून पाळत. मात्र उपवासाने देवाविरुद्धचेच अपराध फिटतात. शेजाऱ्याला दुखावले असेल तर, इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या धर्मसंहितेनुसार, आधी त्याची समजूत घालावी लागते. बाराव्या शतकातील धर्मशास्त्रकार मैमोनिदीस याहून कडक असून, चोरलेला माल परत करून वर क्षमाही मागावी, नकार मिळाल्यास तीनदा मागावी, आणि त्यानंतरही अडून बसणारा (येथे पारडे फिरते) स्वतःच दोषी ठरतो, असे तो सांगतो.