यंत्राचा सातबारा

"काका, स्क्रीन गेली," पुतणी म्हणाली.

मे महिन्यातली दुपार, करकंबातली. वीज सकाळीच गेलेली, वरचा पत्रा तापलेला आणि सोप्यात आम्ही दोघं एका लॅपटॉपवर वाकून बसलेलो. तिनं पुण्याहून कुणाचा तरी वापरलेला लॅपटॉप आणला होता. स्नॅपड्रॅगन चिपचा, म्हणजे आर्म जातीचा. पंखा नाही, आवाज नाही, एकदा चार्ज केला की दिवस निघतो अशी ख्याती. पंढरपूर तालुक्यातलं विजेचं वेळापत्रक ज्याला ठाऊक आहे, त्याला हे गुण किती मोलाचे ते सांगावं लागत नाही. तिला त्यावर लिनक्स हवं होतं. पेनड्राइव्ह लावला, मेनू आला, उबंटू निवडलं, एंटर दाबलं. काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या आणि पडदा विझला. कीबोर्डखालचा दिवा मात्र जळत होता. यंत्र जिवंत होतं, फक्त दिसत नव्हतं.

कारण सापडायला तीन संध्याकाळी गेल्या. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सुरू होताना एक शहाणपणाचं काम करतो. चिपमधल्या ज्या भागांवर कुणी हक्क सांगितलेला नाही, त्यांची वीज आणि घड्याळाचे ठोके तो बंद करतो. घरातला कर्ता माणूस रात्री रिकाम्या खोल्यांतले दिवे मालवत जातो, तसंच. पण आमच्या बाबतीत एका खोलीत माणूस बसलेला होता. पडदा यंत्रातल्या कायमच्या सॉफ्टवेअरनं, म्हणजे फर्मवेअरनं, आधीच पेटवून ठेवला होता, आणि त्याचा ड्रायव्हर अजून जागा व्हायचा होता. कर्नलला वाटलं खोली रिकामी आहे, त्यानं दिवा मालवला. उपाय साधा निघाला. सुरुवातीच्या ओळीत दोन शब्द वाढवायचे: 'क्लॉक इग्नोर अनयूज्ड' आणि 'पॉवर डोमेन इग्नोर अनयूज्ड' यांची संक्षिप्त रूपं. वापरात नाही असं वाटलं तरी बंद करू नको, एवढाच त्यांचा अर्थ. चौथ्या संध्याकाळी उबंटूचा जांभळा पडदा उमटला तेव्हा पुतणीनं आईला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं.

इंटेल किंवा एएमडीच्या जुन्या डबड्यावर हे सहसा घडत नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवर आजचं लिनक्स टाका, अर्ध्या तासात चालू होतं. मग आर्मवरच एवढा खटाटोप का? अनेकांचा समज असा की आर्म ही लिनक्सला परकी चिप आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. खिशातल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचा कर्नल आहे आणि ते बहुतेक सगळे फोन आर्मवर चालतात. डेबियन या लिनक्स वितरणानं 64 बिटी आर्मला 2015 सालीच आपल्या अधिकृत आवृत्तीत घेतलं. चिपची भाषा लिनक्सला उत्तम येते. अडतं ते पत्त्यापाशी.

पीसीच्या जगात चार दशकांत एक शिस्त बसली आहे. मदरबोर्डवरचे बरेचसे भाग विचारलं की आपलं नाव आणि कंपनी स्वतःच सांगतात. जे सांगत नाहीत, त्यांची माहिती फर्मवेअर ठरलेल्या तक्त्यात भरून कर्नलच्या हातात देतं. आर्म चिपमधले भाग मात्र मुके असतात. आवाजाचा भाग कुठल्या पत्त्यावर आहे, त्याला ठोके कुठून येतात, वीज कुठल्या वाहिनीतून मिळते, तो हाक कुठल्या क्रमांकावर मारतो, यातलं काहीही तो स्वतःहून सांगत नाही. कुणीतरी लिहून द्यावं लागतं. त्या लिखाणाला डिव्हाइस ट्री म्हणतात.

आमच्याकडे उजनीच्या पाण्यावर ऊस उभा आहे, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. डिव्हाइस ट्री म्हणजे यंत्राचा सातबारा. गट नंबर कोणता, क्षेत्र किती, कब्जा कुणाचा, पाणी कुठल्या चारीचं, विहिरीत हिस्सा किती, हे सगळं त्यात. जमीन डोळ्यांसमोर असली तरी सातबारा हातात नसेल तर बँक कर्ज देत नाही. तसंच चिप समोर असते, ड्रायव्हरही कर्नलमध्ये असतो, पण या मॉडेलचा उतारा नसेल तर त्या दोघांची गाठ पडत नाही. आणि शेजारच्या गटाचा उतारा आपल्या जमिनीला चालत नाही. एकाच चिपच्या दोन लॅपटॉपमध्ये टचपॅड वेगळ्या तारेवर, स्पीकरचे अ‍ॅम्प्लिफायर वेगळे, पडदा वेगळा. म्हणून प्रत्येक मॉडेलचा स्वतंत्र उतारा लागतो.

ही व्यवस्था येण्याआधीचा काळ याहून वाईट होता. प्रत्येक चिप कंपनी आपल्या बोर्डाची माहिती थेट कर्नलच्या कोडमध्ये कोंबत असे. 2011 मध्ये लिनक्सचा जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स या गोंधळावर जाहीरपणे भडकला. त्यानंतर आर्मच्या कोडची साफसफाई सुरू झाली, आणि पॉवरपीसी यंत्रांवर आधीपासून वापरात असलेली डिव्हाइस ट्रीची पद्धत आर्मलाही लागू झाली.

त्याच काळात महाराष्ट्रात, पवईच्या आयआयटीत, आर्मवर लिनक्स चढवण्याच्या कामाला हात घातला गेला होता. आज त्याची आठवण फार थोडे जण काढतात, म्हणून इथे जरा थांबतो. केंद्र सरकारचा विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त आकाश टॅबलेट आठवतो का? पहिला ऑक्टोबर 2011 मध्ये आला आणि संथपणामुळे बदनाम झाला. 2012 मध्ये प्रकल्प आयआयटी मुंबईकडे आला. प्राध्यापक दीपक फाटक आणि प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या चमूनं त्यात लक्ष घातलं. 11 नोव्हेंबर 2012 रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुधारित आकाश आला: सात इंची पडदा, 1 गिगाहर्ट्‌झची ऑलविनर ए13 ही आर्म चिप, 512 एमबी मेमरी. वर्तमानपत्रांनी किमतीची चर्चा केली, वाद केले. पवईतल्या मुलांनी त्यावर पूर्ण लिनक्स चढवलं, याची बातमी मात्र फारशी कुठं झाली नाही.

त्यांना एक गोष्ट सोयीची होती. ए13 चिप चालू होताना आधी एसडी कार्डाकडे पाहते, मग आतल्या मेमरीकडे. त्यामुळे कार्डावर लिनक्स लिहून ते खाचेत सरकवलं की टॅबलेट लिनक्सवर उठतो, कार्ड काढलं की पुन्हा अँड्रॉइड. मूळ यंत्राला धक्का नाही. बोर्डाचा तपशील तेव्हा ऑलविनरच्या स्वतःच्या फेक्स नावाच्या फाइलीत असे, म्हणजे कंपनीचं खाजगी दप्तर. पण ते वाचता येत होतं, बदलता येत होतं. आयआयटीच्याच फॉसी प्रकल्पानं आर्मवरचं एक स्वस्त नेटबुकही घेतलं. त्यात डब्ल्यूएम8850 ही चिप होती. तिचा कर्नल त्यांनी आपल्या हातानं बांधला आणि कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. आजही तो गिटहबवर पाहता येतो. मुक्त सॉफ्टवेअर शिक्षणात रुजवणं हे फॉसीचं काम. शिकणाऱ्याला साय्‌लॅब, पायथन वापरता यावं म्हणून आधी त्याच्या हातातलं स्वस्त यंत्र मोकळं केलं पाहिजे, हा क्रम त्यांनी अचूक ओळखला होता. माझ्या मते आपल्याकडच्या संगणक शिक्षणातलं हे अतिशय मोलाचं पाऊल होतं, आणि ते पुढे न्यायला हवं होतं.

आताच्या लॅपटॉपकडे येऊ. जून 2024 मध्ये स्नॅपड्रॅगन एक्स चिपचे लॅपटॉप बाजारात आले. ते विंडोजसाठी बनलेले. त्यांच्या फर्मवेअरमधले तक्ते विंडोजच्या ड्रायव्हरांना पुरतात, लिनक्सला अपुरे पडतात. त्यामुळे पुन्हा मॉडेलनिहाय उतारे लिहिणं आलं. आर्मवरच्या लिनक्ससाठी काम करणाऱ्या लिनारो या संस्थेच्या आणि स्नॅपड्रॅगन बनवणाऱ्या क्वालकॉमच्या अभियंत्यांनी, तसंच स्वतःचा लॅपटॉप उघडून बसलेल्या अनेक स्वयंसेवकांनी ते लिहिले आणि लिहीत आहेत. उबंटूनं एप्रिल 2025 च्या 25.04 आवृत्तीपासून आर्म डेस्कटॉपसाठी एकच सर्वसाधारण आयएसओ फाइल द्यायला सुरुवात केली. पण चालू होणं वेगळं आणि चांगलं चालणं वेगळं. लिनक्सचे लॅपटॉप विकणाऱ्या टक्सिडो या जर्मन कंपनीनं सुमारे दीड वर्ष स्नॅपड्रॅगन एक्स एलिटवर काम केलं आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ते थांबवल्याचं जाहीर केलं. विंडोजवर मिळणारं बॅटरीचं आयुष्य लिनक्सवर मिळेना, लिनक्समधून फर्मवेअर अद्ययावत करायची खात्रीची सोय नव्हती, पंख्यावर नियंत्रण मिळेना, आभासी यंत्रं चालवायची सोयही अपुरी. ज्या गुणासाठी आर्म घ्यायचा, तोच हातचा गेला तर काय उपयोग?

ही बॅटरीची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. आर्म चिप आपोआप वीज वाचवत नाही. तिच्यात शेकडो छोटे भाग स्वतंत्रपणे झोपवायची सोय असते, पण प्रत्येकाला केव्हा झोपवायचं हे ड्रायव्हरनं सांगायचं असतं. एक जरी भाग जागा राहिला तर लॅपटॉप मिटवल्यावरही वीज खात राहतो. आमचे ते दोन जादूचे शब्द आठवा. ते घातले की हक्क न सांगितलेलं काहीच कर्नल बंद करत नाही. पडदा टिकतो आणि बॅटरी गळते. म्हणजे तो उपाय नव्हता, मलमपट्टी होती. पुढच्या कर्नलमध्ये पडद्याचा उतारा नीट झाला, तेव्हा ते शब्द काढून टाकता आले.

अ‍ॅपलच्या यंत्रांची कथा याहून विलक्षण. 2020 च्या नोव्हेंबरात एम1 चिप आली. अ‍ॅपलनं दुसरी कार्यप्रणाली चालवायला दार उघडं ठेवलं, पण आतलं एकही कागदपत्र दिलं नाही. हेक्टर मार्टिन या प्रोग्रॅमरनं असाही लिनक्स हा प्रकल्प सुरू केला. असाही हे मॅकिंतॉश सफरचंदाचं जपानी नाव. मॅकओएस चिपशी काय बोलतो ते मधे बसून टिपायचं आणि त्यावरून उतारा लिहायचा, अशी पद्धत. अलिसा रोझेनझ्वाइग हिनं ग्राफिक्सचा ड्रायव्हर असाच घडवला. जुलै 2022 च्या शेवटी खुद्द टॉर्व्हाल्ड्सनं कर्नलची 5.19 आवृत्ती आर्मच्या मॅकबुकवरून प्रसिद्ध केली. असाहीचं स्पीकरचं काम मला सर्वांत भावतं. मॅकबुकच्या स्पीकरांना कमाल आवाज सतत दिला तर त्यांची तार जळू शकते. मॅकओएस तापमानाचा अंदाज बांधून आवाज आवरतो. असाहीच्या मंडळींनी तसाच राखणदार स्वतः लिहिला आणि तो सिद्ध होईपर्यंत स्पीकर बंदच ठेवले. लोक तक्रार करत राहिले, तरी घाई केली नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये मार्टिन थकून प्रकल्पातून बाहेर पडला. उरलेल्यांनी काम चालू ठेवलं आहे.

आर्मच्या सर्व्हरांत मात्र हा प्रश्न बराचसा सुटला आहे, कारण तिथे मोठ्या गिऱ्हाइकांनी एक मानक मान्य करायला लावलं. लॅपटॉपच्या गिऱ्हाइकांनी असा आग्रह अजून धरलेला नाही.

मराठीची काळजी करू नये. फॉन्ट, इनस्क्रिप्ट कळफलक, लिबरऑफिस, फायरफॉक्स हे सगळं खुला कोड असल्यामुळे आर्मसाठी जसंच्या तसं बांधलं जातं. लोहित देवनागरीचं वळण इंटेलवर दिसतं तेच इथे. अडचण येते बंद कोडच्या वस्तूंची. झेरॉक्सच्या दुकानातला लेझर प्रिंटर, बोटाचे ठसे घेणारं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन यांच्या कंपन्या पुष्कळदा फक्त इंटेलसाठी बांधलेला ड्रायव्हर देतात. तो आर्मवर चालत नाही आणि आपल्याला बांधताही येत नाही. सेवा केंद्र चालवणाऱ्यानं आर्म लॅपटॉपवर लिनक्स घेण्याआधी हे तपासलंच पाहिजे. अन्यथा दारात रांग उभी आणि उतारा छापायला यंत्र नाही, अशी पाळी येईल.

शाळकरी मुलांसाठी घेतलेल्या स्वस्त लॅपटॉपबद्दलही विचारणा होते. जिओबुक 2023 मध्ये 16,499 रुपयांना आलं, त्यात मीडियाटेकची आठ गाभ्यांची आर्म चिप आहे. त्याची घडण फोनसारखी, चालू होण्याची रीतही फोनसारखी. त्यात उबंटूचा पेनड्राइव्ह लावला आणि झालं, असं होणार नाही. अभ्यासासाठी ते घेतलं असेल तर आहे त्या प्रणालीवर वापरावं.

पुतणीच्या लॅपटॉपवर आज वायफाय, आवाज, पडद्याचा प्रकाश, ग्राफिक्स सगळं चालतं. फर्मवेअरच्या काही फाइली जुन्या विंडोजच्या भागातून उचलाव्या लागल्या, म्हणून एक सांगतो: विंडोज पुसण्याआधी त्या फाइली काढून ठेवा. कॅमेरा अजून चालत नाही, ऑनलाइन तासाला ती फोन वापरते. घेणाऱ्यानं चिपचं नाव पाहून भुलू नये. लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल क्रमांक घ्या आणि कर्नलच्या डिव्हाइस ट्रीच्या यादीत तो आहे का ते पाहा. यादीत नसेल, तर लिनक्ससाठी तो लॅपटॉप घेऊ नका.