कारवानी कुत्रा आणि घरचं मांजर

शेताच्या राखणीला कारवानी कुत्रा आणायचा, पण घरात उंदरांसाठी मांजर आहे. दोघं नांदतील का? कारवानी ही ससा धरणारी जात. पळणारं दिसलं की धावणारच.

म्हणून आम्ही आधी पारख करतो. कुत्रा दोरीला बांधायचा, मांजर लांब, उंच फळीवर असू द्यायचं. हाक मारल्यावर कुत्र्यानं मान वळवून भाकरी खाल्ली, तर आशा आहे. अंग ताठ, नजर मांजरावर खिळलेली, भाकरीकडे लक्षच नाही, तर तो भुंकला नाही तरी धोका समजा.

ही पारख रोज, बरेच दिवस करा. जमलं तरी दोघांना एकटं सोडू नका. घरात गप्प बसणारा कुत्रा अंगणात पळत्या मांजरामागे लागतो. नाहीच जमलं, तर दोघांना एकत्र ठेवण्याचा हट्ट नको. दोष कुत्र्याचा नसतो, पण जीव मांजराचा जातो.