दहापैकी किती, आणि का?

ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेत हेरिटेज या लिलाव कंपनीच्या लिलावात एक बास्केटबॉल कार्ड १ कोटी २९ लाख ३२ हजार डॉलरला गेलं. त्यावर मायकेल जॉर्डन आणि कोबी ब्रायंट या दोघांच्याही सह्या होत्या. आपल्या पैशांत साधारण ११३ कोटी रुपये. बातमी इकडेही आली, आकडा वाचून लोकांचे डोळे विस्फारले, पान उलटलं गेलं. माझी नजर मात्र लिलावातल्या फोटोवर अडकली. कार्ड प्लास्टिकच्या जाड डबीत बंद होतं आणि डबीच्या लेबलवर कार्डाची प्रत सांगणारा आकडा होता सहा. दहापैकी सहा.

असं कार्ड जगात एकच आहे, म्हणून तिथे सहा चालून गेला. बाकीच्यांचं तसं नसतं. १९८६ सालचं फ्लीअर कंपनीचं जॉर्डनचं कार्ड घ्या. पीएसए या सर्वांत मोठ्या ग्रेडिंग कंपनीने दहा दिलेली त्याची तीनशेहून जास्त कार्डं आहेत. जानेवारी २०२१मध्ये त्यातलं एक ७ लाख ३८ हजार डॉलरला विकलं गेलं. नऊवाल्याला त्याच्या जवळपासही भाव नव्हता. आणि नऊ आणि दहामधला फरक काय? भिंगातून पाहिलं तर एका कोपऱ्यावर किंचित पांढरं दिसतं, किंवा छपाई एका बाजूला केसभर सरकलेली असते. दहा मिळायचे तर पुढच्या बाजूच्या समोरासमोरच्या किनारी ५५-४५च्या आत बसाव्या लागतात. साडेतीन इंच उंचीच्या कागदाच्या तुकड्यावर एवढ्या बारकाईने माणूस बघतो आणि आकडा देतो. त्या आकड्यावर लाखो डॉलर इकडचे तिकडे होतात.

माणूस बघतो म्हणजे चूक होणारच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. चूक झाल्यावर पुढे काय होतं, त्याबद्दल आहे. ती सांगण्यासाठी आधी घरातली गोष्ट सांगतो.

माझा भाचा न्यू जर्सीत एडिसनला राहतो. नव्वदच्या दशकात ऑस्ट्रेलियात छापलेली क्रिकेटची कार्डं त्याने जमवली आहेत. त्यातली दोन त्याने ग्रेडिंगला पाठवली, एक सचिन तेंडुलकरचं आणि एक विनोद कांबळीचं. दोघांच्या भागीदारीचं वेड त्याला माझ्याकडून लागलंय, त्यामुळे ही दोन कार्डं शेजारी शेजारी ठेवायची अशी त्याची हौस. कंपनीचं नाव लिहीत नाही. काही महिन्यांनी पार्सल आलं आणि त्याने मला व्हिडिओ कॉल केला. "मामा, जरा वाच बरं," म्हणून दोन्ही डब्या कॅमेऱ्यासमोर धरल्या. सचिनच्या डोक्यावर कांबळीचं नाव होतं आणि कांबळीच्या डोक्यावर सचिनचं. लेबलांची अदलाबदल.

मी हसलो, तो हसला नाही. कारण 'सचिन' लिहिलेल्या लेबलवर ९ होता आणि 'कांबळी' लिहिलेल्या लेबलवर ७. मग नऊ कुणाचे? नुसती नावं उलटी छापली गेली असतील, तर 'कांबळी' नावाखालचे सात खरे सचिनच्या कार्डाचे. पण आकडे नोंदीत बरोबर असतील आणि डबीत घालताना कार्डं उलटसुलट झाली असतील, तर नऊ सचिनचे. डबीकडे बघून हे कळायला मार्ग नाही. ते कंपनीलाच ठाऊक, तेही तिथे कुणी लिहून ठेवलं असेल तर.

त्याने ईमेल केला. तीन दिवसांनी उत्तर आलं, तक्रार क्रमांक टाकलेलं छापील उत्तर. पुन्हा विचारलं, तर आलं की दोन्ही कार्डं परत पाठवा, तपासू. नऊ कुणाचे, या प्रश्नाला उत्तर नाही. तिसऱ्या ईमेलला दुसऱ्याच कुणीतरी उत्तर दिलं आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा विचारलं. शेवटी पाठवली. पाठवताना विमा काढायचा तर कार्डाची किंमत लिहावी लागते. सातची लिहायची की नऊची? अडीच महिन्यांनी दोन्ही कार्डं परत आली. नावं बरोबर. सचिनला आठ, कांबळीला आठ.

आठ! आधीच्या दोन आकड्यांपैकी एकही नाही. सोबत एक ओळीची चिठ्ठीसुद्धा नव्हती.

आता धंद्याची रीत बघू, म्हणजे ही गोष्ट अपघात वाटणार नाही. ग्रेडिंगच्या कल्पनेचा उगम नाण्यांच्या बाजारात आहे. डेव्हिड हॉल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात नाणी तपासून प्लास्टिकमध्ये सीलबंद करायची पद्धत रुजवली आणि १९९१मध्ये तीच कार्डांना लावून पीएसए सुरू झाली. हेतू चांगला होता. विकणारा म्हणायचा कार्ड 'मिंट' आहे, घेणारा म्हणायचा नाही. त्या भांडणात तिसरा, तटस्थ माणूस हवा होता. पण तो तिसरा माणूस फी घेतो आणि फी ठरते कार्डाच्या किमतीवर. कार्डाला चांगला आकडा मिळून त्याची किंमत वरच्या टप्प्यात गेली, तर कंपनी जादा पैसे मागते. याला 'अपचार्ज' म्हणतात. आकडा देणाऱ्याचं उत्पन्न आकडा चढला की वाढतं, ही व्यवस्था मला मुळातच खटकते. ग्रेडर लबाड आहेत असं मी म्हणत नाही. पण परीक्षकाचा मेहनताना निकालाला बांधलेला नसावा, एवढं आपल्याकडे शाळेतलं पोरही सांगेल.

या धंद्याची पहिली मोठी चूक त्याच्या पहिल्याच कार्डावर झाली. पीएसएने ग्रेड केलेलं पहिलं कार्ड होतं होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांत घालून वाटलेल्या टी-२०६ या मालिकेतली अशी कार्डं आज फार थोडी शिल्लक आहेत. हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्याच्या संघाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी ते सदबीजच्या लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं आणि पीएसएने त्याला आठ दिले. इतक्या जुन्या कार्डाच्या इतक्या धारदार कडा! लोकांना शंका होतीच. न्यूयॉर्क डेली न्यूजच्या मायकेल ओकीफ आणि टेरी थॉम्पसन या पत्रकारांनी २००७मध्ये या एका कार्डावर अख्खं पुस्तक लिहिलं. कडा कापलेल्या असाव्यात हे ग्रेड देणाऱ्यांपैकी एकाला तेव्हाच ठाऊक होतं, हेही त्यांच्या शोधातून पुढे आलं. त्याच वर्षी हे कार्ड अ‍ॅरिझोनाच्या बेसबॉल संघाचे मालक केन केंड्रिक यांनी २८ लाख डॉलरला घेतलं. १९८५मध्ये ज्याने हे कार्ड विकत घेतलं होतं तो लिलाववाला बिल मास्ट्रो याने २०१३मध्ये फसवणुकीच्या खटल्यात गुन्हा कबूल केला आणि कार्डाच्या कडा आपणच कापल्याचंही मान्य केलं. त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली.

कापलेल्या कार्डाला नियमाप्रमाणे आकडाच मिळत नाही. इथे आठ मिळाले, आणि ते बाहेर यायला वीसहून जास्त वर्षं आणि एक फौजदारी खटला लागला. कंपनीच्या तक्रार खिडकीतून ते बाहेर आलं नाही.

२०१९मध्येही तसंच झालं. जुन्या लिलावांचे फोटो नव्या डब्यांच्या फोटोंशी जुळवत बसलेल्या हौशी संग्राहकांनी शेकडो कार्डं शोधून काढली, जी आधी कमी आकड्याची होती आणि कडा छाटून, डाग काढून पुन्हा पाठवल्यावर वरचा आकडा घेऊन आली होती. एफबीआयपर्यंत प्रकरण गेलं. रात्री जागून, पगार न घेता, कागदावरच्या छपाईच्या ठिपक्यांवरून दोन फोटोंतलं कार्ड एकच आहे हे सिद्ध करणारी ही माणसं. या सगळ्या धंद्यात मला खरा आदर वाटतो तो त्यांच्याबद्दल.

मग आला करोना. घरात बसलेल्या माणसांनी माळे उपसले. मार्च २०२१मध्ये पीएसएचे अध्यक्ष स्टीव्ह स्लोन यांनी जाहीर केलं, की आधीच्या तीन महिन्यांत आली नव्हती एवढी कार्डं तीन दिवसांत आली आहेत. स्वस्तातल्या सेवा बंद झाल्या, कोटीच्या घरात कार्डं तुंबली, लोक वर्षभर वाट बघत राहिले. त्याच वसंतात पीएसएच्या मालक कंपनीने जेनामिंट विकत घेतली. कार्डाचा 'ठसा' टिपून ते आधी आलं होतं का, त्यात फेरफार झाला का, हे संगणकाने ओळखायचं तंत्र तिच्याकडे होतं. पाऊल योग्य होतं. दोन वर्षं आधी उचललं असतं तर संग्राहकांची रात्रपाळी वाचली असती.

हमी असते का? असते. कंपनीने आकडा चुकवला हे ठरलं तर ती कार्ड विकत घेते किंवा फरक भरून देते. पण चुकला की नाही हे ठरवणार तीच कंपनी. आणि उघड दिसणारी लेबलची चूक, म्हणजे चुकीचं नाव, चुकीचं साल, ही हमीत सहसा धरलीच जात नाही. तिला या धंद्यात 'मेकॅनिकल एरर' म्हणतात. यंत्राची चूक. यंत्राने सचिन आणि कांबळी यांची नावं बदलली नाहीत, ती माणसाने बदलली.

आपल्याकडे सोन्याचं उदाहरण घ्या. हॉलमार्कचा दागिना छापल्यापेक्षा कमी शुद्ध निघाला तर भारतीय मानक ब्यूरोच्या नियमाप्रमाणे तुटीच्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळायला हवा. सोन्याचा कस मोजता येतो, कार्डाचा कोपरा तसा मोजता येत नाही, हे मान्य. पण सोन्याच्या बाबतीत दाद मागायला सराफाबाहेरचं दार आहे, ते कार्डवाल्याला नाही. दुसऱ्या कंपनीकडे जा म्हणावं, तर पर्यायही आक्रसत चाललेत. २०२४मध्ये पीएसएच्याच मालक कंपनीने प्रतिस्पर्धी एसजीसी विकत घेतली.

म्हणून मला वाटतं, या घडीला मागायची गोष्ट एकच: आकड्यासोबत कारण द्या. हे अशक्य नाही. बेकेटची ग्रेडिंग सेवा सेंटरिंग, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग यांचे चार वेगळे आकडे लेबलवर छापत आली आहे. टॅग नावाची नवी कंपनी हजारपैकी गुण देते आणि कुठला दोष कुठे आहे हे फोटोसह दाखवते. कारण लिहायला लागलं की ग्रेडरला आपल्याच निर्णयाकडे दुसऱ्यांदा बघावं लागतं. आणि तक्रार आली की वाद 'मला वाटलं, तुम्हाला वाटलं' यावर न राहता डाव्या खालच्या कोपऱ्यावर येतो, जो दोघांनाही दिसतो.

कारण न मिळाल्याने लोक काय करतात तेही सांगतो. डबी फोडतात आणि कार्ड पुन्हा पाठवतात, आकडा वाढेपर्यंत. एकच कार्ड तीनदा गेलं आणि जुनी लेबलं परत केली नाहीत, तर कंपनीच्या 'पॉप रिपोर्ट'मध्ये, म्हणजे कुठल्या आकड्याची किती कार्डं आहेत या यादीत, ते तीनदा मोजलं जातं. दुर्मीळपणाचा हिशेब त्या यादीवर चालतो. शिवाय प्रत्येक फेरीला फी आहेच.

माझ्या भाच्याने डबी फोडली नाही. गेल्या दिवाळीत आला तेव्हा दोन्ही कार्डं बरोबर आणली होती. मी भिंग घेऊन खिडकीत बसलो. सचिनच्या कार्डाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर सुईच्या टोकाएवढं पांढरं आहे, ते मला दिसलं. कांबळीच्या कार्डाला मागे एक पुसट आडवी रेघ आहे, ती भाच्याने दाखवली तेव्हा दिसली. दोन वेगळे दोष, दोन्हीकडे आठ. त्याने वही काढली, तारीख टाकली आणि दोन्ही दोष लिहून घेतले.