गिअर नाही? मग उतरा की!

कल्पना करा. रविवारची सकाळ, सव्वासहा वाजलेत. तुम्ही पौड रोडकडून सायकलनं वेताळ टेकडी चढताय. चढ वाढला, पायडल जड झालं, म्हणून सवयीनं उजवा अंगठा गिअर बदलायला गेला. आणि तिथं काहीच नाही! नुसती रबरी मूठ. माझं अगदी हेच झालं. सायकलसकट आडवी होता होता वाचले.

त्याचं असं झालं, की माझ्या सेकंडहँड एमटीबीचा डिरेलर वाकला. डिरेलर म्हणजे मागच्या चाकापाशी लोंबणारा, चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा पार्ट. तो, शिफ्टर, नवी चेन असा सगळा हिशेब केला तर इंटर्नशिपच्या स्टायपेंडमध्ये काही बसेना. आमच्या गल्लीतले सायकलवाले काका म्हणाले, ‘‘अगं, मग गिअर काढूनच टाक ना!’’ मला वाटलं, चेष्टा करतायत. पण जगभरात हौसेनं गिअर काढून डोंगरात जाणारे लोक आहेत. त्याला म्हणतात सिंगल-स्पीड माउंटन बायकिंग. त्यांची वर्ल्ड चॅम्पियनशिपसुद्धा होते आणि जिंकणाऱ्याला काय मिळतं माहितीये? टॅटू! आणि तो काढून घ्यावाच लागतो.

काकांनी तासाभरात काम केलं. पुढं ३२ दात्यांचं चक्र, मागं २० दात्यांचं एकच, आणि चेन सैल पडू नये म्हणून एक टेन्शनर. गणित सोपं आहे. पायडलचा एक फेरा मारला की चाक १.६ वेळा फिरतं, म्हणजे २९ इंची चाकाची सायकल साधारण पावणेचार मीटर पुढं जाते. चढ असो की सपाटी, तेवढंच. सपाटीवर पाय भिंगरीसारखे फिरतात आणि तरी शेजारून गिअरवाले आरामात पुढं जातात. मागचे दाते १८ केले तर सपाटीवर बरं, पण चढावर हाल. पहिल्यांदा करताय, तर २० च बरे.

आता टेकडीवर या. गिअर नसले की तुम्ही रस्ता वाचायला लागता. चढ यायच्या आधीच वेग घ्यावा लागतो, कारण मध्यात तो मिळत नाही. चढ लागला की सीटवरून उठायचं, हँडल स्वतःकडे ओढायचं, पण फार पुढं झुकायचं नाही. मागच्या चाकावरचं वजन गेलं की मुरमावर ते जागेवरच फिरतं. मी दोन चढ असे काढले. तिसऱ्याला पाय थांबले. उतरले आणि सायकल ढकलायला लागले. तेवढ्यात मागून माझेच दोन मित्र गिअर टाकत वर गेले. ‘‘काय गं, फिरायला आणलंयस का सायकलला?’’ खरं सांगते, झोंबलं.

घरी येऊन बाबांना विचारलं. ते तरुणपणी काळ्या २२ इंची सायकलनं कात्रजचा घाट ओलांडून गावी जायचे, कॅरिअरला सामान बांधून. ‘‘बाबा, गिअर नसताना घाटात काय करायचात?’’ ते पेपरातून वर न बघता म्हणाले, ‘‘काय करायचंय? उतरायचं नि चालायचं. सायकल काय, माणूस काय, दोघं पोचल्याशी कारण.’’

याच सायकलवरून ते मला शाळेत सोडायचे. आणि मी त्यांना अलीकडच्या कोपऱ्यावरच थांबवायचे, मैत्रिणींनी बघू नये म्हणून. हे मी त्यांना कधी बोलले नाही. त्यांना कळलं नसेल असंही नाही.

गंमत म्हणजे माउंटन बायकिंगची सुरुवातच अशा सायकलींवर झाली. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत काही पोरं जाड टायरच्या जुन्या, बिनगिअरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडायची. पायडल उलटं दाबलं की लागणारा ब्रेक इतका तापायचा, की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि परत भरावं लागायचं. म्हणून १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीचं नाव पडलं ‘रिपॅक’. गिअर नंतर आले, डोंगर चढताही यावा म्हणून.

तुम्हाला करून बघायचंय? नवी सायकल घेऊ नका. गिअरची सायकल असेल तर एकच मधला गिअर ठरवा आणि अख्खी राइड त्याच्यावरच करा. हेल्मेट हवंच. गुडघा दुखायला लागला तर जोर लावत बसू नका, उतरा. आणि टेकडी आधी चालणाऱ्यांची आहे. आजी-आजोबा दिसले की वेग कमी करा, झुडपांतून नव्या वाटा पाडू नका.

मी तीन रविवार गेले. तिसऱ्या चढाला अजूनही उतरते, फक्त आता थोडं पुढं जाऊन. परवा बाबा पार्किंगमध्ये माझी सायकल न्याहाळत होते. ब्रेक दाबून बघितले, चेन बोटानं उचलून बघितली. म्हटलं, मारा एक चक्कर. सोसायटीला दोन फेऱ्या मारून आले. उतरल्यावर एवढंच म्हणाले,

‘‘चांगलीये. पण हिला कॅरिअर नाही होय?’’