टायटॅनियमच्या नळ्या : रेक्टिफायर चालेल, टाकी नाही

उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका वाचकांनी विचारलं आहे की, ॲल्युमिनियम ॲनोडायझिंगची टाकी आणि रेक्टिफायर हाताशी असताना त्यातच टायटॅनियम टांगलं तर त्याच्यावर ऑक्साइडच्या नॅनोमीटर व्यासाच्या नळ्या उगवतील का? याचं उत्तर अशा टाकीतच लटकलेलं असतं. जॉब धरायला बऱ्याच ठिकाणी टायटॅनियमचे जिग वापरतात. ॲल्युमिनियमचा जिग दर खेपेला कॉस्टिकमध्ये बुडवून साफ करावा लागतो, टायटॅनियमचा नाही. सल्फ्युरिक ॲसिडमध्ये १५-२० व्होल्टवर, जॉबसोबत धन टोकाला, तो वर्षानुवर्षं टांगलेला असतो. म्हणजे ॲनोडायझिंग त्याचंही रोज होतच असतं. तरी त्याच्यावर चढतो तो पन्नासेक नॅनोमीटरच्या आतला, निळसर-जांभळा, सलग थर. नळी एकही नाही.

असं का? थर वाढणं हे निम्मंच काम आहे. तो एकीकडून वाढत असताना दुसरीकडून विरघळलाही पाहिजे. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड सल्फ्युरिकमध्ये विरघळतो, म्हणून तिथे छिद्रं पडतात आणि प्रवाह चालू राहतो. टायटॅनियमचा ऑक्साइड त्या ॲसिडला दाद देत नाही. व्होल्टमागे साधारण २ नॅनोमीटर जाड झाला की प्रवाह जवळपास थांबतो. त्याला विरघळवतं ते फ्लोराइड. फ्लोराइडचे आयन ऑक्सिजनच्या आयनांपेक्षा वेगाने थरातून आत सरकतात आणि तळाशी व दोन छिद्रांच्या मधल्या सीमेवर साचतात. पाणी या फ्लोराइडयुक्त सीमा धुऊन काढतं आणि एकसंध जाळीऐवजी सुट्या नळ्या उभ्या राहतात. १९९९ साली झ्विलिंग आणि सहकारी संशोधकांना त्या दिसल्या त्याही क्रोमिक ॲसिडमध्ये फ्लोराइड देणारं थोडं हायड्रोफ्लोरिक ॲसिड घातल्यावरच.

टाकी बाद झाली, पण रेक्टिफायर बाद होत नाही. लांब नळ्यांसाठी इथिलीन ग्लायकॉलमध्ये ०.३ टक्का अमोनियम फ्लोराइड, २ टक्के पाणी आणि ६० व्होल्टच्या आसपास दाब लागतो. तो या रेक्टिफायरच्या आवाक्याबाहेरचा. पण या नळ्यांचा एक उपयोग हाडात बसवायच्या इम्प्लांटवर आहे, आणि तिथे आखूड नळ्या पुरतात. जर्मनीतल्या एरलांगेनच्या गटाने २००७ मध्ये फॉस्फोरिक ॲसिड आणि थोड्या हायड्रोफ्लोरिकमध्ये, १ ते २० व्होल्टमध्येच, १५ ते १०० नॅनोमीटर व्यासाच्या नळ्या वाढवल्या. १५ नॅनोमीटरवर पेशी उत्तम चिकटल्या, १०० वर मरू लागल्या. २००९ मध्ये सॅन डिएगोच्या गटाला ७० ते १०० नॅनोमीटरवर हाडाच्या पेशी घडताना दिसल्या. कोणता व्यास चांगला हा वाद मिटलेला नाही, पण व्होल्टच्या बटणाने व्यास ठरतो हे दोन्ही गटांना मान्य आहे.

इम्प्लांटचा स्क्रू हाडात फिरवताना नळ्या खरवडून निघतील, हा आक्षेप खरा आहे. तळाशी साचलेलं फ्लोराइडच पकड कमकुवत करतं. म्हणूनच मी मायक्रोमीटरपेक्षा आखूड नळ्यांच्या बाजूने आहे. ४५० अंशांच्या आसपास भाजलं की बरंच फ्लोराइड निघून जातं आणि थर ॲनाटेज या स्फटिकरूपात जातो. दुसरा आक्षेप मिश्रधातूचा. ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या नेहमीच्या टायटॅनियममध्ये व्हॅनेडियम जास्त असलेले ठिपके आधी विरघळतात आणि तेवढी जागा नळ्यांविना राहते. सुरुवात शुद्ध पत्र्यानेच करावी.

तिसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो मी सगळ्यात गंभीर मानतो. टायटॅनियमच्या पिकलिंगमध्ये, म्हणजे ॲसिडने पृष्ठभाग साफ करताना, नायट्रिकसोबत हायड्रोफ्लोरिक जगभर वापरतात, त्यामुळे काम अशक्य नाही. पण हायड्रोफ्लोरिक कातडीतून आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, आणि सौम्य असेल तर दुखणं काही तासांनी सुरू होतं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल आधी आणून ठेवा, भांडं काचेचं नको, प्लॅस्टिकचं घ्या, सांडपाण्यातलं फ्लोराइड चुन्याने तळाशी बसवल्याशिवाय ते सोडू नका. आणि चालू टाकीत चिमूटभरही फ्लोराइड टाकून पाहू नका; सगळ्यात आधी जिग खाल्ले जातील.