पॅलेस्टाईनचा अभ्यास आणि पंचाहत्तर वर्षांचा पुरावा

पॅलेस्टाईनवर पीएच.डी. करणाऱ्याची अभ्यासाची बैठक कोणती, असे विचारले की आपले प्राध्यापक आंतरराष्ट्रीय राजकारणाकडे बोट दाखवतात. ते अपुरे आहे. या विषयाचा पाया जमिनीच्या कागदांत आहे: १८५८ चा उस्मानी जमीन कायदा, ब्रिटिश अमदानीतील नोंदी आणि इस्रायलचा १९५० चा गैरहजरांच्या मालमत्तेचा कायदा. हुसकलेला माणूस या शेवटच्या कायद्याने 'गैरहजर' ठरला! कागद नाही तिथे म्हाताऱ्यांची साक्ष, विहीर, कबरस्तान यांवरून गाव उभे करावे लागते. वालिद खालिदी यांनी १९९२ साली ४१८ उद्ध्वस्त गावांची अशी नोंद ग्रंथरूपाने संपादित केली.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या कार्यकर्त्याला हे परके वाटू नये. दोन्हीकडचे दुःख एक नाही. तिथे परागंदा, इथे नागरिक. पद्धत मात्र उसनी घेता येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातल्या दलिताकडे, तो अनुसूचित जमातीचा नाही म्हणून, १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागितला. ज्याच्या बापजाद्यांना अक्षर शिकू दिले नाही त्याने १९३० चा कागद कुठून आणायचा? पण त्याच कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब, घर, विहीर, दफनभूमी हेही पुरावे धरले आहेत. आमच्या किती वस्त्यांना हे ठाऊक आहे? गोंडांच्या मेंढा-लेखाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. त्यामागे गावातल्या अभ्यासगटाची अनेक वर्षांची बैठक होती.

गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. तिथल्या एखाद्या संशोधकाने बौद्ध मोहल्ल्यातल्या एका विहिरीपासून सुरुवात करावी.